रेव्ह. नारायण शेषाद्री आणि जालन्याचे बेथेल

जालना शहरापासून थोड्याच अंतरावर, माळरानावर, एक ख्रिस्ती गाव वसविण्यात आले व त्यास बेथेल असे नाव देण्यात आले. ह्या नावाचा अर्थ आमच्या वाचकांस सांगावयास नको. भावाच्या रागाला भिऊन पळालेला याकोब रानात उघड्यावर, उशाला धोंडा घेऊन निजला, आणि त्या रात्री त्यास जे दिसले त्यावरून त्याने त्या ओसाड जागेस देवाचे घर म्हटले. जालन्याच्या माळावर गाव वसविणारा मनुष्यही असाच आपल्या घरादारास पारखा झालेला होता. आणि ज्यांच्यासाठी त्याने ते वसविले त्यांस तर पिढ्यानपिढ्या उशाला धोंड्यावाचून दुसरे काही मिळाले नव्हते. त्या मनुष्याचे नाव रेव्ह. नारायण शेषाद्री. रेव्ह. टिळक व पंडिता रमाबाई ह्यांची नावे आमच्या मंडळ्यांत मुलांच्यादेखील तोंडी असतात. परंतु नारायणरावांचे नाव खुद्द मराठवाड्यातील पुष्कळ ख्रिस्तजनांस ठाऊक नसते, ही आम्हांस खेदाची गोष्ट वाटते. म्हणून ह्या अंकी त्यांचे चरित्र, जेवढे निश्चित सांगता येते तेवढे, आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

नारायणराव जन्माने ब्राह्मण. तरुणपणी ते मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत होते. हेच विद्यालय पुढे वाढत जाऊन विल्सन कॉलेज ह्या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या जोडीस रेव्ह. रॉबर्ट नेसबिट नावाचे गृहस्थ होते. १८२७ साली ते ह्या देशात आले आणि मराठी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की परकी मनुष्य बोलत आहे हे ऐकणाऱ्यास ध्यानात येऊ नये. विल्सनसाहेबांचा लौकिक मोठा; त्या मानाने नेसबिटसाहेब शांत व मागे राहणारे. परंतु तरुणांची मने त्यांच्याकडे ओढ घेत, आणि नारायणरावांच्या मनावर त्यांचाच ठसा उमटला. विद्यार्थी गुरूच्या तोंडून जितके शिकतो त्याहून अधिक त्याच्या वागण्यातून शिकतो, ह्याचे हे एक उदाहरण होय.

त्या काळी मुंबईत धर्मांतराचा प्रश्न फार तापलेला होता. १८३९ साली धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सारे शहर खवळले होते. पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली व वर्ग ओस पडले. ही गोष्ट पुरती विसरली गेली नव्हती तोच, १८४३ च्या सप्टेंबर महिन्यात, नारायण शेषाद्री ह्यांनी नेसबिटसाहेबांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडात तेथील मंडळी दुभंगून फ्री चर्च निराळे झाले होते, आणि मुंबईचे हे मिशनरी फ्री चर्चच्या बाजूस गेल्यामुळे त्यांची स्वतःची इमारत व पैसा ह्यांचाही भरवसा उरला नव्हता. म्हणजे ज्या घरी नारायणराव आले त्या घरावरचे छप्परही तेव्हा हलत होते. लाभासाठी धर्म सोडला, असा जो आरोप आपल्या लोकांवर नेहमी येतो, तो करणाऱ्याने हे वर्ष ध्यानात ठेवावे.

परंतु नारायणरावांस खरा घाव बसला तो निराळाच. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही थोरल्या भावाच्या मागोमाग मिशनच्या घरी येऊन राहिला. त्याचे वय सुमारे बारा वर्षांचे होते. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मुलगा अज्ञान ठरून न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले, आणि तो रडत रडत गेला. ह्या खटल्याविषयी आमच्या लोकांत एकाच बाजूने बोलण्याची चाल आहे. ती आम्हांस पसंत नाही. मुलाचे अश्रू खरे होते, तसे बापाचेही खरे होते. ज्याचा थोरला मुलगा हातचा गेला त्याने धाकट्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी ह्यात नवल ते काय? बारा वर्षांच्या मुलाचा बापाच्या इच्छेविरुद्ध निर्णय करणे हा प्रश्न आजही कोणा समंजस उपदेशकास सोपा वाटणार नाही.

आणि घरी परत आल्यावर त्या मुलाचे दुःख संपले असेही नाही. तो मिशनरी लोकांच्या घरी राहिला व जेवला, तेव्हा त्यास पंक्तीस घ्यावा की न घ्यावा, प्रायश्चित्ताने तो शुद्ध होतो की होत नाही, ह्यावर ब्रह्मवृंदात मोठा तंटा माजला. बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी १८३२ साली दर्पण पत्र काढले तेच, मुलास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे ह्या पक्षाचे पुढारी झाले, आणि त्यापायी त्यांस स्वजातीचा रोष सोसावा लागला. बाळशास्त्री आपल्या धर्माचे नव्हते, आणि मिशनऱ्यांच्या मताशी त्यांचे जुळणारेही नव्हते. तरीपण एका लहान मुलास घराबाहेर राहू देऊ नये म्हणून ज्याने आपल्या अंगावर बहिष्काराचे भय घेतले, त्याचे नाव नारायणरावांच्या चरित्रात आदराने घेतलेच पाहिजे. ते १८४६ साली ऐन उमेदीत वारले.

नारायणरावांपुरते पाहता, एका वर्षात त्यांचे आईबाप, भाऊ, जात, पंक्त, सोयरिक सारे तुटले. पुढे १८५० साली कंपनी सरकारने कायदा करून धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये अशी तजवीज केली. परंतु कायद्याने जमीन मिळते, आईच्या हातचे जेवण मिळत नाही. हा विषय आम्ही लांबविला तो ह्यासाठी की ज्याने स्वतः ताटावरून उठविले जाण्याचे दुःख भोगले होते, त्याने पुढील आयुष्यात कोणाच्या ताटाशी जाऊन बसावे, हे त्याशिवाय नीट कळत नाही.

पुढील दहाबारा वर्षांचा काळ अभ्यासात व अध्यापनात गेला. १८५४ साली फ्री चर्चच्या प्रेसबितेरीने त्यांस पाळकपदाची दीक्षा दिली. दुसऱ्याच वर्षी नेसबिटसाहेब पटकीच्या रोगाने मुंबईत वारले, आणि नारायणरावांच्या डोक्यावरील तेही छत्र गेले. त्यांस इंग्रजी उत्तम येत असे, वक्तृत्व चांगले होते, कुळाचे ब्राह्मण्य लोक विसरले नव्हते. मुंबईत राहून विद्वानांशी वाद करावे, सुशिक्षितांपुढे व्याख्याने द्यावी, मोठ्या मंडळीचे पाळक म्हणवून घ्यावे, असा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता, आणि तो मार्ग वाईट होता असेही कोणी म्हणू शकले नसते. तो सोडून १८६२ च्या सुमारास त्यांनी जालन्यास आपले ठाणे केले.

तेव्हाचे जालना कसे होते हे आजच्या वाचकास सांगितले पाहिजे. जालना हा जिल्हा झाला तो अगदी अलीकडे, १९८१ साली. नारायणरावांच्या वेळी तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यातील औरंगाबादकडचा मुलूख होता. आगगाडी नव्हती, ती गोदावरी खोऱ्याच्या मार्गाने १९०० च्या सुमारास आली, म्हणजे नारायणराव गेल्यानंतर. मुंबईहून येणाऱ्यास वाटेचा बराच भाग बैलगाडीने वा घोड्यावरून ओलांडावा लागे. कुंडलिका नदीच्या काठी भरलेली पेठ, कापसाचा व्यापार, विणकरांचे माग, आणि हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी, असे ते संपन्न गाव होते. लोक जालन्यास सोन्याचा पाळणा म्हणत आले आहेत. परंतु पाळणा सोन्याचा असला तरी त्यात सर्वांचीच बाळे निजत नव्हती. आसपासच्या प्रत्येक खेड्याच्या कडेला महारवाडा होता, आणि बहुधा त्याहूनही अलीकडे-पलीकडे, निराळा असा मांगवाडा होता.

मांग बांधवांची स्थिती सर्वांत हीन होती. गावचे दोरखंड वळणे, केरसुण्या करणे, वाजविणे ही त्यांची कामे. केकताड भिजवून, झोडून, त्याचा वाख काढून त्यांनी दोर वळावे. त्याचा नाडा व सोंदूर गावच्या मोटेस लागावा, चऱ्हाट गावच्या पोहऱ्यास लागावे. म्हणजे गावच्या प्रत्येक विहिरीतील पाणी त्यांच्या हातच्या दोराने वर येई, आणि त्याच पाण्याचा घोट घ्यावयाचा तर कोणी दयाळू मनुष्य वरून ओंजळीत ओतीपर्यंत त्यांनी उन्हात थांबावे! महार व मांग ह्यांच्यामध्येही एकमेकांचे अन्नपाणी चालत नसे. १८५५ साली पुण्यास जोतीराव फुले ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या एका मांग जातीच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो ज्ञानोदयात छापून आला. चौदा-पंधरा वर्षांच्या त्या पोरीने जे लिहिले त्याचे उत्तर त्या वेळच्या पंडितांस देता आले नाही. आणि जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्याच पुण्याच्या शाळेत शिकलेले होते, हेही येथे सांगण्याजोगे आहे.

अशा लोकांमध्ये नारायणराव आले. त्यांची ओळख परदेशात पुढे मांगांचा प्रेषित अशी झाली. हे नाव ऐकावयास गोड आहे. त्यातील रोजचे काम मात्र गोड नव्हते. वाचकांनी क्षणभर विचार करावा. वरून देणे एक आणि शेजारी बसून घेणे दुसरे. ब्राह्मणाने मांगास दान दिले तर दोघांच्याही जागा जशाच्या तशा राहतात. दात्यास पुण्य मिळते व घेणारा वाकतो. परंतु ब्राह्मण कुळात जन्मलेला मनुष्य मांगाच्या झोपडीत वाकून शिरतो, त्याच्या तुटक्या बाजेवर बसतो, त्याच्या हातचे पाणी पितो आणि त्याची भाकरी मागून खातो, तेव्हा त्या घरातील म्हाताऱ्यास जे कळते ते दहा प्रवचनांनी कळत नाही. प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट आपण दरवर्षी वाचतो. त्या गोष्टीत पेत्राची अडचण काय होती? पाय धुण्याचे काम हलके होते ही नव्हे, तर ते करणारा उंच होता ही होती. नारायणराव ज्या वाड्यांत गेले तेथील लोकांचीही पहिली अडचण हीच झाली असली पाहिजे.

लोक वचन ऐकू लागले, काही बाप्तिस्म्यास तयार झाले. तेव्हा असा प्रश्न उभा राहिला की जो आमच्या प्रत्येक उपदेशकाने कोठे ना कोठे अनुभवला आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याने खावे काय? मांगाने देवळापुढे वाजविणे सोडले, महाराने मेलेले ढोर खाणे सोडले व जत्रेतील आपले काम सोडले, की पाटील म्हणणार, तुझे बलुते बंद. सुगीच्या दिवसांत खळ्यावरून जे पेंढीपाचुंदा मिळावयाचे ते बंद. गावकुसाबाहेरची झोपडी तीही गावाच्या मर्जीची. आणि त्याच्या स्वतःच्या भाऊबंदांची पंक्तही बंद. अशा मनुष्यास केवळ धीर धर म्हणून सांगणे सोपे आहे. नारायणरावांस ते पुरेसे वाटले नाही. भुकेल्यास व उघड्यास आशीर्वाद देऊन वाटेस लावणारा विश्वास कसला, असा प्रश्न याकोबाच्या पत्रात आहेच. नारायणरावांनी त्या प्रश्नाचे उत्तर जमिनीत शोधिले.

निजामाच्या राज्याचे दिवाण त्या वेळी सर सालारजंग होते. १८५३ पासून १८८३ साली मृत्यू येईपर्यंत, तीस वर्षे, त्यांनी तो कारभार वाहिला. वसुलाचे मक्ते देण्याची जुनी रीत मोडून त्यांनी जिल्हे पाडले, पगारी अंमलदार नेमिले, राज्याची घडी बसविली. शहाणा व दूरदृष्टीचा मुत्सद्दी म्हणून त्यांचे नाव आहे. त्यांच्याकडून नारायणरावांनी जालन्याजवळ शेकडो एकर जमीन सवलतीने मिळविली. ह्या व्यवहाराकडे पुन्हा एकदा पाहावे. देणारा मुसलमान दिवाण, मागणारा ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती पाळक, आणि ज्यांच्यासाठी मागावयाची ते मांग आणि महार! देव आपल्या लोकांची भाकर कोणाच्या हाती पाठवील ह्याचा नेम नाही, आणि ज्याच्या हातून आली त्याचे उपकार बोलून दाखविण्यात आपला काही कमीपणा नाही.

ह्या जमिनीवर बेथेल वसले. घरे उभी राहिली, विहिरी खणल्या, शाळा झाली, प्रार्थनामंदिर झाले. एवढे वाक्य लिहावयास आम्हांस पळभर लागले. परंतु ज्यांनी माळावर नवे घर घातले आहे त्यांस त्यातील कष्ट विचारावेत. जालन्याकडची जमीन वरून काळी व खाली मुरूम, आणि त्याखाली काळा फत्तर. पहार, घण, सुरुंग ह्यांवाचून विहीर खाली जात नाही, आणि एवढे करून पाणी लागेलच असे नाही. झरा कोठे आहे, धाव कोणत्या बाजूस काढावी, मोट किती बैलांची, पाणी कोणाच्या वाफ्यास आधी, ह्यावर भांडणे. ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर राबून संध्याकाळी पदर पसरला त्यांस स्वतःचे बी राखून ठेवावयास शिकविणे हे तर विहीर खणण्याहून अवघड. सुगीत खाऊन टाकावे व पेरणीला सावकाराकडे जावे, ही सवय एका उपदेशाने जात नाही. ज्या पाळकास गाव वसवावयाचे त्यास पाटील, कुळकर्णी, पंच, मास्तर आणि प्रसंगी वैद्यही व्हावे लागते. अमक्याचा बैल तमक्याच्या ज्वारीत शिरला, अमकीच्या मुलास तीन दिवस ताप आहे, नवी जोडी भांडून निराळी झाली, हे सारे त्याच्याच ओसरीवर येते. मग रविवारी त्याने प्रवचन करावयाचे!

आणि तरीही त्या गावात जे घडले ते जालन्याच्या पेठेत तेव्हा घडत नव्हते. ज्यांच्या बापांनी दुसऱ्यांच्या विहिरींसाठी दोर वळले त्यांच्या बायका आता आपल्या विहिरीच्या काठावर उभ्या राहून आपल्या हाताने पोहरा सोडू लागल्या. कोणाची वाट पाहणे नाही, ओंजळ पुढे करणे नाही. बायबलातील शोमरोनी बाईची गोष्ट त्या बायांस कोणी समजावून द्यावी लागली असेल असे आम्हांस वाटत नाही.

गाव चालविण्यास पैसा लागतो. त्यासाठी नारायणरावांस दूरदूरचे प्रवास करावे लागले. १८७३ साली न्यूयॉर्क शहरी इव्हांजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. देशोदेशीचे नामांकित पंडित तीस जमले होते, आणि त्यांत हिंदुस्थानातून गेलेले नारायणराव होते. डोक्यास पांढरे पागोटे व अंगात शुभ्र पायघोळ पोशाख, अशा आपल्या देशी वेषात ते तेथे बोलावयास उभे राहिले व लोकांचे लक्ष त्यांनी वेधून घेतले. कोट-पाटलोणीवाचून ख्रिस्तीपण अपुरे, असे मानणारे काही तरुण आमच्या मंडळ्यांत पुष्कळ दिवस होते. त्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. स्कॉटलंड, कॅनडा, अमेरिका येथे मंडळ्यांपुढे उभे राहून त्यांनी जालन्याच्या लोकांची हकीकत सांगितली. ज्यांनी कधी मोट पाहिली नाही अशा माणसांनी ती ऐकून विहिरीसाठी पैसे दिले.

१८७६ ते १८७८ ह्या सालांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि निजामाचा मुलूख ह्या सर्वांस त्याची झळ लागली. लाखो माणसे अन्नावाचून व साथींनी मेली. बलुत्यावर जगणारा मनुष्य अशा वेळी पहिल्याने मरतो, कारण खळे रिते असले म्हणजे त्यास कोणाकडे मागण्याची सोय उरत नाही. स्वतःची दोन एकर जमीन व स्वतःची विहीर ह्यांचे मोल अशा साली कळते. मराठवाड्यातील आमच्या वाचकांस दुष्काळ ही ऐकीव गोष्ट नाही. १९७२ चा दुष्काळ अनेकांच्या आठवणीत आहे, आणि २०१२-१३ साली खुद्द जालन्यात टँकरच्या नळीपुढे घागरींच्या रांगा लागल्या, त्या तर कालच्या आहेत. त्या रांगेत कोणाची घागर पुढे आणि कोणाची मागे सरकविली गेली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आता एक गोष्ट, जी चरित्रकार सहसा टाळतात. बेथेलसारखी निराळी ख्रिस्ती गावे वसविण्याची जी रीत त्या काळी हिंदुस्थानात पुष्कळ मिशनांनी स्वीकारली, तिच्यात दोषही होते, आणि पुढील पिढीच्या मिशनऱ्यांनीच ते दाखविले. गावापासून तुटलेला ख्रिस्ती मनुष्य गावास दिसेनासा होतो; मीठ पिठात पडण्याऐवजी डब्यात राहते. दुसरे असे की सर्व भार एका थोर मनुष्यावर पडतो. वडाच्या सावलीत ऊन लागत नाही हे खरे, पण तेथे दुसरे झाडही वाढत नाही. जमीन, पैसा, न्याय, शाळा, उपासना, सर्व सूत्रे एका हाती असली म्हणजे लोक मिशनास आईबाप म्हणू लागतात, आणि आईबाप म्हटले की लेकरे मोठी होत नाहीत. बेथेलही ह्या दोषापासून मुक्त राहिले असेल असे आम्ही म्हणणार नाही. तथापि दोष काढणाऱ्याने हेही सांगावे की १८६५-७० साली, बलुते तुटलेल्या व पाणी बंद झालेल्या मनुष्यास, दुसरे काय देता आले असते. आम्हांस त्याचे उत्तर सापडलेले नाही. मिठाने पिठात पडावे हे ठीक, पण गाव त्यास पिठाजवळ येऊ देईल तर!

आमच्या काही उपदेशकांस असे वाटते की नारायणरावांस सालारजंग भेटले, परदेशचा पैसा भेटला, आम्हांस शाळेच्या पडवीवाचून काय आहे? ही तक्रार ऐकून आम्ही उत्तर देत नाही, कारण ती अगदीच खोटी नाही. परंतु जमीन मिळण्यापूर्वीची वर्षे पाहावी. त्या वेळी नारायणरावांपाशीही काही नव्हते. दारोदार जाणे, बाजेवर बसणे, भाकरी मागणे, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे, कागद वाचून दाखविणे, सावकाराच्या हिशेबात काय लिहिले आहे ते अडाण्यास समजावून देणे, एवढेच कोणत्याही उपदेशकाच्या हाती असते. ज्या लोकांनी पुढे त्यांच्या शब्दावर आपली गावे सोडून ओसाड माळावर खोपटी घातली, त्यांनी ती जमिनीचा कागद पाहून घातली नाहीत; त्यांतील बहुतेकांस वाचता येत नव्हते. त्यांनी मनुष्य पाहिला होता.

नारायणरावांनी पुढेही प्रवास केले. वय झाले होते, परंतु बेथेलची काळजी सुटली नव्हती. १८९१ साली परदेशच्या प्रवासात असता समुद्रावरच त्यांचे देहावसान झाले. ज्यांच्यासाठी ते फिरत होते त्यांस त्यांच्यावर मूठभर मातीही घालता आली नाही.

त्यांच्यामागून फ्री चर्च १९०० साली युनायटेड फ्री चर्च झाले. १९२४ साली येथील मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत गेल्या. आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. जालन्यास मिशनचे रुग्णालय झाले व त्यात सर्व जातींच्या रोग्यांची सेवा झाली. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता बंद ठरविली. मोटा गेल्या, पंप आले. केकताडाच्या दोराची जागा नायलॉनने घेतली. जालन्याच्या बाजूस ज्या आमच्या वाचकांचे जाणे होईल त्यांनी बेथेलच्या वाटेस अवश्य जावे, आणि तेथे कोणी वडील माणूस भेटल्यास त्यांच्या आजी-पणजीने नारायणरावांविषयी काय सांगितले ते विचारून, लिहून ठेवावे. असे लिहून आमच्याकडे आल्यास आम्ही ते आनंदाने छापू.